तेरच्या गाडीचा हादरा

तेर

धाराशिवहून तेरला निघालेल्या एसटीत शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "कुणाकडं जायलाव?"

"मैत्रिणीकडे."

"काय करती मैत्रीण?"

"गेम बनवते. कॉम्प्युटरवरचे खेळ."

"आन तुमी?"

"मीपण तेच करते."

काकूंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, मांडीवरची मेथीची जुडी सारखी केली आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला. पुण्यात माझ्या धंद्याचं नाव काढलं की लोक निदान पगार तरी विचारतात. इथं तेवढीही उत्सुकता कुणाला नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. बाहेर ज्वारी कमरेच्या वर आली होती आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे दिसत होते. मी उगाच घोकत बसले होते, तिथं गेल्यावर काय बोलायचं ते.

माझी ही मैत्रीण तबस्सुम. पुण्यात आम्ही एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसून कोड लिहायचो. ती शांत, मी तापट. मी साहेबांशी भांडून यायचे आणि ती माझ्यासाठी चहा मागवून ठेवायची. मग एक दिवस ती नोकरी सोडून आपल्या गावी तेरला परत गेली आणि गावातल्याच बालाजी नावाच्या चित्रकाराला बरोबर घेऊन तिनं स्वतःचा गेम करायला घेतला. तेर हे फार जुनं व्यापारी गाव. पूर्वी इथून बैलगाड्यांचे तांडे घाट उतरून समुद्राकडे जायचे आणि इथला माल जहाजांतून थेट रोमपर्यंत पोचायचा. तिच्या गेममध्ये तुम्ही त्या तांड्यातला एक गाडीवान. मणी, कापड, हस्तिदंत लादायचं, बैल जुंपायचे आणि बंदर गाठायचं. गोष्ट एवढीशी. पण थोडाच भाग बाहेर आला होता तरी तो खेळलेला प्रत्येक जण एकाच गोष्टीबद्दल बोलायचा, तो म्हणजे गाडीचा हादरा. गाडी चालायला लागली की स्क्रीन अशी थरथरायची की आपण जुवाला धरून बसलोय असं वाटायचं. मीही तो खेळून तिला रात्री फोन केला होता आणि मनापासून शाबासकी दिली होती.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी इथं थोडं थांबते. गेम बनवणारा माणूस सगळं काही स्वतः बनवत नाही. वस्तू खाली पडते, तिची सावली पडते, चाक फिरतं, लांबचा आवाज बारीक येतो, ही सगळी यंत्रणा तयार मिळते. तिला इंजिन म्हणतात. घर बांधणारा विटा स्वतः भाजत नाही, तसंच ते. फरक एवढाच की आमच्या धंद्यात बहुतेकांच्या विटा एकाच भट्टीतून येतात. शिकवण्या त्याच एका मोठ्या इंजिनाच्या, नोकऱ्या त्याच्याच, आणि अडलं तर उत्तर सांगणारेही त्याच्यातलेच. अशात एका सकाळी त्या कंपनीनं आपल्या अटी बदलल्या. ज्यांचे गेम निम्मे झाले होते त्यांनाही त्या लागू. पुण्यात आम्ही दिवसभर चिडलो, चार शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच इंजिनात आपापलं काम उघडून बसलो. तबस्सुम बसली नाही. तिनं आख्खा गेम उचलून एका खुल्या इंजिनात न्यायला घेतला. खुलं म्हणजे ज्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, हवं तर बदलता येतं, आणि ज्याचा मालक कुणी एकटा नसतो.

मला तो शुद्ध वेडेपणा वाटला. मी तिला फोनवर तसं सांगितलंही. खुल्या इंजिनात माणसं मिळत नाहीत, अडलं तर विचारायचं कुणाला, तयार सामान निम्मंसुद्धा नाही, आणि गावात बसून असली हौस परवडते का, वगैरे सगळं. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. मग या डिसेंबरात तिचाच फोन आला.

"नवा तयार झालाय गं. पण त्यातलं काहीतरी गेलंय. तू ये, दोन्ही खेळ आणि सांग. फोनवर तू नुसती भांडशील, समोर आलीस की खरं बोलशील."

खरं बोलण्याची घाई होती, कारण परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकाला त्यांचा जुना डेमो आवडला होता आणि त्यानं मोठा भाग मागितला होता. तो कुठल्या इंजिनातला पाठवायचा हे ठरत नव्हतं. हा प्रकाशक हातचा गेला तर बालाजीला धाराशिवच्या एका छापखान्यात रुजू व्हावं लागणार होतं. तिथं त्याच्यासाठी खुर्ची अडवून ठेवली होती. आणि तबस्सुम एकटी हा गेम पुरा करू शकणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

तेरच्या स्टँडवर ती स्कूटी घेऊन उभी होती. तिचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरचे पेन हळूहळू कडेला सरकतात आणि बालाजी मान वर न करता ते परत आत ढकलतो. हा बालाजी म्हणजे सडपातळ, मितभाषी, तबस्सुमला आणि मलाही पहिल्यापासून "ताई" आणि "तुमी". चहा आला. पुण्यात माझ्या चहाला पाच नखरे लागतात. इथला चहा एवढा गोड होता की नखऱ्याला जागाच नव्हती.

आधी जुना खेळले. गाडी निघाली, हादरा आला आणि मी पुन्हा त्यात रमले. मग नवा. चित्रं तीच, रस्ता तोच, बैल तेच. गाडी मात्र नव्या डांबरी रस्त्यावरून मोटार जावी तशी गुळगुळीत गेली. मी खेळत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला कंटाळा आलाय. बालाजी खिडकीतून बाहेर बघत होता. तबस्सुम माझ्या तोंडाकडे.

"कळलं," ती म्हणाली. "चल, तुला टेकाड दाखवते."

गावाच्या कडेला पांढऱ्या मातीची जुनी टेकाडं आहेत. तिथं पायाखाली सहज खापराचे तुकडे येतात आणि पावसाळ्यानंतर मणीही सापडतात म्हणे. मला एकही सापडला नाही. खाली तेरणेचं पाणी थोडंसंच उरलं होतं. तबस्सुम एका दगडावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तो हादरा माझा नव्हताच, मृणाल."

"म्हणजे?"

"नव्या इंजिनात तो आणायचा म्हणून मी जुन्यात शोधायला बसले, मी नेमकं कुठं काय लिहिलं होतं ते. काहीच लिहिलं नव्हतं. आपला रस्ता जमिनीचे तुकडे जोडून केलेला न्हाय का? जुन्या इंजिनात चाक प्रत्येक सांध्याला अडखळायचं. त्यांची चूक होती ती. नव्यात ती चूक न्हाय, म्हणून हादरा न्हाय."

मी हसायला लागले. ती हसली नाही, म्हणून मग मीही थांबले.

"लोकं मला विचारायचे गं, कसा केलात हा हादरा. मी सांगायचे, बैलगाडीचा अभ्यास केला म्हणून."

"केला होतास का?"

"लहानपणी बसले होते एकदा आजोळी."

"बालाजीला माहितीय हे?"

"न्हाय."

मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडते. म्हणून मी म्हटलं, मग परत जा जुन्याकडे. चुकून झालं असलं तरी चांगलं झालं ना? खेळणाऱ्याला काय करायचंय कुणी केलं त्याच्याशी? निम्म्या जगाच्या चांगल्या गोष्टी चुकूनच झाल्यात.

"ते खरंय," ती म्हणाली. "पण घाटात मला तो वेगळा पायजे होता, जड. तेव्हा पण किती डोकं फोडलं. कमी होईना, जास्त होईना. आत बघावं तर कुलूप. तेव्हा वाटायचं आपल्यालाच येत न्हाय."

घरी अम्मींनी, म्हणजे तबस्सुमच्या आईनं, दालचा आणि भात केला होता. त्या डाळीच्या दालच्यातला दुधीभोपळा मी आयुष्यात पहिल्यांदा मागून घेतला. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहत विचारलं, "ही गप का बसली आज? तुमचं भांडण झालं का बेटा?" आम्ही दोघींनी एकदमच "न्हाय" म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी भात वाढला.

बेंबळी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आन्हिकं उरकून दुकानात दूध आणायला गेले तर दुकान बंद. शेजारचं बंद, त्याच्या पलीकडचं बंद, गिरणी बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. मला वाटलं गावात काहीतरी अघटित घडलंय. तबस्सुमला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली.

"आज येळवस आहे बाई! आज गावात कोण राहतंय?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मी पुण्यात वाढलेली, मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं. धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्ष अमावस्येला गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. आमच्याकडे सुट्टी आली की माणसं हॉटेलाबाहेर नाव लिहून तास तास उभी राहतात. इथं कुणाला बोलावणंही लागत नाही. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी बांधावरून हाक येते, "या की जेवायला!" आणि तो खरंच जातो.

बालाजीच्या मामांचं शेत बेंबळीला. आम्ही सगळे त्याच्या मित्राच्या टमटममधून निघालो. मी, तबस्सुम, मांडीवर डबा घेतलेल्या अम्मी आणि पुढं बालाजी. टमटमनं माझी हाडं न् हाडं खिळखिळी केली, पण तक्रार करायला तोंड उघडलं की जीभ चावली जाईल अशी भीती होती. शेतात पोचून मी ऐटीत खाली उडी मारली ती थेट नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्यात. माझे पांढरेशुभ्र नवे बूट काळ्या मातीत गडप झाले. मामी म्हणाल्या, "राहू द्या तितंच, जाताना काडू." दिवसभर मी अनवाणी फिरले आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

ज्वारीच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप केली होती, म्हणजे छोटी खोपच. तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाल्यावर मामा हातात आंबिलाचं मडकं घेऊन पिकातून शिंपडत फिरले आणि तोंडानं काहीतरी म्हणत राहिले. शब्द मराठी वाटेनात. मी मामींना अर्थ विचारला.

"कानडी हाय म्हनं. आमच्या सासऱ्याला बी ठावं नव्हतं. म्हनायचं आन शिपडायचं."

मी तबस्सुमला कोपरखळी मारली. "हे बघ. आत काय लिहिलंय कुणाला माहीत नाही, तरी पिढ्यान् पिढ्या चाललंय."

"चालतंय, कारण येळवसच्या अटी कुणी सकाळी उठून बदलत न्हाय," ती म्हणाली आणि मला गप्प केलं.

जेवणाबद्दल लिहायला बसले तर बाकीचं राहून जाईल. तरी भज्जीबद्दल सांगायलाच हवं. आपली तळलेली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे, रानात असतील नसतील ते सगळे ओले दाणे बेसन लावून आंबट ताकात शिजवतात, ती भज्जी. बरोबर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील. ती मी ताक समजून एका दमात घशाखाली ओतली. ज्वारीचं पीठ घालून चांगली आंबवलेली ती आंबील नाकातून डोक्यात गेली आणि माझा चेहरा बघून अम्मी पोट धरून हसल्या. दुसरं भांडं मात्र मी मागून घेतलं, आणि तिसरंही. अम्मींनी डब्यातून आणलेल्या गुळाच्या सांज्याच्या पोळ्या मामींनी पोरांच्याही आधी स्वतःच्या ताटात घेतल्या. दरवर्षी त्या अशाच घेतात म्हणे.

जेवण झाल्यावर बालाजीनं मामांना गाडीचं विचारलं. बांधाशेजारी लाकडी चाकांची, लोखंडी धाव बसवलेली जुनी बैलगाडी उभी होती. येळवसला म्हणून तिला रंगवून, झालर लावून आणली होती. बाकीचे लोक ट्रॅक्टरनं किंवा मोटारसायकलीनं आले होते.

"गाडीत बसायचंय? बसा की," मामा म्हणाले. "पर कंबर धरली तर मला बोलू नका. म्या तर फटफटीवरच फिरतो. हिच्यात कोन बसतंय आता!"

बैल जुंपले. मामा पुढं, आम्ही तिघं मागं. तबस्सुमनं दोन्ही हातांनी साठा, म्हणजे गाडीची लाकडी चौकट, घट्ट धरला. हादऱ्याची वाट बघत होती ती. गाडी निघाली आणि हादरा आलाच नाही. आधी डावं चाक खाली गेलं, तशी आख्खी गाडी डावीकडे कलली, तिथंच जरा थांबली, मग करकरत परत आली. मग उजवीकडे. मऊ मातीत तर काही आवाजच नव्हता. मध्येच एखादा दगड आला की खाड्कन एकच दणका, की पुन्हा तीच संथ डोलणी. एक बैल जरा पुढं सरला की जू ओढलं जाई आणि आम्ही सगळे एकदम मागं जायचो. बसून मला झोप यायला लागली होती.

"बालाजी," तबस्सुम हळूच म्हणाली, "ही हालत न्हाय रे."

"हालायली की. अशीच हालती गाडी."

"आपल्या गेममधल्यासारखी न्हाय."

"गेममदली व्हय?" तो म्हणाला. "ती गाडी कुटं हाय. ती टमटम हाय."

मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तबस्सुम त्याच्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"मला न्हाय ठावं व्हनार तर कुनाला? म्या हिच्यातच वाढलो."

"मग कधी बोलला का न्हाईस?"

बालाजी जरा गोंधळला. "मला वाटलं तुमी मुद्दाम केलाव तसं. गेममदी तसंच लागत आसंल. लोकं बी म्हनायली लई भारी झालंय. मग म्या कशाला मदी तोंड घालू, ताई? ते तुमचं काम."

तेव्हा तबस्सुमनं त्याला सगळं सांगितलं. सांधे, चाक, ती चूक, आणि आपण लोकांना सांगत आलेली अभ्यासाची थाप. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. ते बैलांना उगाच हाळी देत होते. बालाजीला लागलं होतं. आपल्या चित्रांपेक्षा ज्या गोष्टीचं कौतुक जास्त झालं ती कुणीच केलेली नव्हती, हे पचायला वेळ लागणारच.

"येवड्या दिसांत एक डाव सांगायचं तरी," तो शेवटी म्हणाला.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

मला वाटतं, एकमेकांचा मान राखणारी माणसंच अशी चूक करू शकतात. मी आणि माझे पुण्यातले सहकारी एकमेकांच्या कामात इतकं नाक खुपसतो की आमच्याकडे हे पहिल्याच आठवड्यात उघडकीला आलं असतं, आणि वर भांडणंही झाली असती.

"उतरायचं का अजून एक चक्कर?" मामांनी विचारलं.

"अजून एक," दोघं म्हणाले. या खेपेला बालाजीनं पालथं पडून हात खाली सोडला आणि मोबाइलवर चाकाच्या आसाची करकर भरून घेतली. तबस्सुम डोळे मिटून बसली होती. गाडी कलली की तिची मान कलायची.

पुन्हा तेर

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रकाशकाला गेम पोचायला हवा होता. मी बूट घासत गॅलरीत बसले आणि आत ती दोघं कामाला लागली. खाली गिरणी पुन्हा सुरू झाली होती. अमावस्येला बंद राहिल्यानं दळणाची ही रांग लागलेली.

इथं मला आयुष्यात पहिल्यांदा खुल्या इंजिनाचा मत्सर वाटला, तो कबूल करते. तबस्सुमनं त्याच्या आतलं लिखाण उघडलं, चाक जमिनीला कुठं टेकतं ती जागा शोधून काढली आणि तिथंच आपलं लिहायला सुरुवात केली. माल किती लादलाय त्यावर कलणं, कललं की तिथं रेंगाळणं, बैल पुढंमागं झाले की जुवाचा ओढा. मध्येच अडली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, माझं भाकीत खरंच होतं. ती अडली, चिडली, उठून खाली जाऊन गिरणीवाल्याशी बोलून आली आणि परत बसली. मोठ्या इंजिनात असं अडलं असतं तर दोन मिनिटांत कुणीतरी उत्तर दिलं असतं. हेही तितकंच खरं आहे आणि ते इथं लिहिलं पाहिजे.

दुपार कलल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं. मी खेळले. गाडी कलली, थांबली, करकरत परत आली. पहिल्यांदा वैताग आला, कारण गाडी फार संथ वाटत होती. घाट उतरताना मात्र भरलेली गाडी एका बाजूला कलून तिथंच राहिली आणि मी आपोआप टेबल घट्ट धरलं.

"सांग," ती म्हणाली.

मी खरं सांगायला आले होते, म्हणून खरं सांगितलं. "हा चांगलाय. फार चांगलाय. पण पाठव जुना. त्या माणसाला जुन्यातली थरथर आवडलीय, ती नाही दिसली तर तो नाही म्हणेल. बालाजीचा विचार कर. आधी पाय रोवा, मग करा काय करायचं ते."

पेन सरकत होता, तो बालाजीनं आत ढकलला.

"आणि त्यानं जुना घेतला, आणि उद्या तो म्हणाला की घाटात थरथर वेगळी करा, तर?" तबस्सुमनं विचारलं. "मी त्याला काय सांगू? मला करता येत न्हाय म्हणून सांगू? माझ्याच गेममध्ये?"

"लोक सांगतातच की तसं. आम्ही रोज सांगतो."

"मला म्हाईत आहे तुम्ही रोज सांगता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मला झोंबलं. मी चिडून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बालाजी खाकरला.

"नवा पाठवा, ताई. जुना बगून मामाच हसतील."

"आणि छापखाना?" मी विचारलं.

"छापखाना कुटं पळून जायलाय?"

तिनं नवा पाठवला. नंतर आम्ही तिघांनी खाली जाऊन भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मींनी मला ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि बूट नीट वाळले का याची चौकशी असं सगळं बांधून दिलं. स्टँडवर तबस्सुमनं मला मिठी मारली. मी तिला म्हटलं, मला वाटतं तू चुकलीस. ती म्हणाली, "बरं."

पुणे

पुण्यात परत आल्यावर मी दर दिवसाआड तिला विचारायचे आणि दर दिवसाआड ती "अजून न्हाय" म्हणायची. मग एकदा दुपारी ऑफिसात जेवत असताना तिचा फोन आला. प्रकाशकाचं उत्तर आलं होतं. गेम त्याला आवडला, पण गाडी संथ झालीय, आधीसारखी थरथर परत आणता येईल का, असं त्यानं विचारलं होतं.

"मी म्हटलं होतं ना!" मी घास तसाच ठेवून ओरडले. "मग काय केलंस?"

"आणली परत. सकाळी बसले, जेवायच्या आत झाली. हुबेहूब टमटम."

मला तिचा इतका राग आला की डब्यातली भाजी दिसेना. एवढं सगळं केलं, मला तिथं बोलावलं, मला ऐकवलं, आणि शेवटी तेच? मी तिला हे सगळं एका श्वासात विचारलं. तिनं पूर्वीसारखंच सगळं ऐकून घेतलं.

"सपाटीला थरथर ठेवली," ती म्हणाली. "घाटात मामांचीच गाडी आहे. त्याला लिहिलं, सपाटी तुझी, घाट माझा. घाटाला हात लावणार न्हाय."

"मग?"

"आत्ताच उत्तर आलं. चालेल म्हणाला. बालाजी छापखान्यात न्हाय म्हणून सांगायला गेलाय."

मी तिचं अभिनंदन केलं, तेही धड जमलं नाही, आणि डोळे पुसत फोन ठेवला.

मग जागेवर येऊन बसले. आमच्या गेममध्ये एक नदी आहे. काठाला लागून वाहताना तिचं पाणी जरासं रेंगाळतं, आणि ते बघायला लोक खेळ थांबवून उभे राहतात, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलंय. ते रेंगाळणं मी केलं असं सगळे म्हणतात आणि मीही कधी नाकारलेलं नाही. म्हटलं, जरा कमी करून बघावं, सहज. इंजिनात माझा हात पोचतो ती सगळी दारं ठोठावून झाली, पुढं कुलूप. ऑफिसातले दिवे लागले, माणसं पिशव्या उचलून घरी निघाली, आणि काठाशी पाणी तसंच रेंगाळत होतं.